द्वारकामावशीचं धुणं

रेडिएटर हातात आला की द्वारकामावशी तो आधी कानाला लावायची. नारळ पारखताना लावतात तसा. मग बोटाच्या पेरानं एकदा इकडून, एकदा तिकडून टकटक करायची आणि डोळे मिटून ऐकायची. गिऱ्हाईक ट्रकवाला असो नाहीतर मोटारीतून उतरलेला साहेब, तेवढा वेळ त्यानं गप्प राहायचं. कुणी मध्येच बोललं तर डोळे न उघडता म्हणायची, "तुमी बोलून घ्या, मंग मी ऐकते." माणूस आपोआप गप्प व्हायचा. ऐकून झालं की निकाल. "गाळ खाली बसलाय." "डाव्या अंगाच्या नळ्या बंद हायत." नाहीतर नुसतंच, "मेला." हा शेवटचा शब्द ती अगदी मायेनं उच्चारायची.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्याबद्दल लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या हातून तिच्या बाबतीत एक गोष्ट घडली. ती मी तिला उशिरा सांगितली, तिनं ती ताबडतोब चारचौघांना सांगितली, लिहायची तेवढी राहिली होती.

जुन्या हायवेवर खालापूर मागे पडलं की घाटाची चाहूल लागते. वरून उतरलेल्या गाड्यांच्या ब्रेकचा जळका वास येतो आणि चढायला निघून अर्ध्यातून परत आलेल्या गाड्या बॉनेट उघडून, वाफा सोडत कडेला उभ्या असतात. नेमक्या त्या जागी मावशीची पत्र्याची शेड होती. शेड नवऱ्यानं थाटलेली. तो होता तोवर झाळायचं, म्हणजे गळक्या नळ्या सांधायचं काम त्याचं आणि धुवायचं हिचं. तो गेल्यावर पुतण्यानं आणि आणखी काही शहाण्यांनी शेड भाड्यानं द्यायचा सल्ला दिला. मावशीनं झाळायचा दिवा उचलला, पेटवला आणि त्यांना म्हणाली, "सरका जरा, ठिणगी उडंल."

मी दहिवलीत राहतो. आमच्याकडे बंगल्यांच्या स्कीम निघतात, त्यातली अजून न बांधलेली घरं कंप्युटरवर बांधून लोकांना आतून फिरवून आणायचं, हा माझा धंदा. ऊन पडतंय, पडदा हलतोय, तळ्यात बगळा उतरतोय, हे सगळं मशीनला करावं लागतं, आणि ते करताना मशीन असं तापतं की नुसत्या पंख्यानं भागत नाही. म्हणून त्यात पाणी खेळवायचं. पाणी आतली उष्णता उचलतं, एका फूटभर लांबीच्या रेडिएटरमध्ये आणतं, तिथं पंखे त्याला वारा घालतात, आणि निवलेलं पाणी परत आत जातं. गाडीतली तीच युक्ती. फक्त इथे पाण्याच्या वाटा केसाएवढ्या बारीक. कारखान्यात झाळताना लावलेल्या मसाल्याचे कण नव्या रेडिएटरच्या पोटात राहिलेले असतात, ते त्या वाटांत जाऊन बसले की संपलं. माझा नवा रेडिएटर मी घरच्या नळाखाली धुतला, पुन्हा धुतला, तरी कण येतच राहिले आणि मशीन तापून बंद पडत राहिलं. शेवटी एक टेंपोवाला म्हणाला, "घाटाखाली एक म्हातारी आहे. तिच्याकडे न्या. बोलणी खाल, पण काम होईल."

दोन्ही गोष्टी झाल्या.

"ह्यो कंच्या गाडीचा?" मावशीनं विचारलं.

"गाडीचा नाही, कंप्युटरचा."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कंप्युटरला घाट चढायचा असतो?"

"चढतो की. दिवसभर चढतच असतो. जागेवर बसून."

"म्हंजे आमच्या पुतन्याच्या उलट. तो जाग्यावर बसून नुस्ता तापतो, चढत कायच नाय."

मग तिनं तो कानाला लावला. मी गप्प राहिलो. बराच वेळ ऐकून म्हणाली, "रेती वाजतेय आत. कुनी धुतला?"

"मी."

"धुतला नायस रं. भिजवलायस."

ट्रकच्या रेडिएटरला ती ॲसिड वापरायची. माझ्या रेडिएटरला तिनं ते लावलं नाही. "मोठ्याला दटावायचं, ल्हान्याला चुचकारायचं," म्हणाली. तांब्या-पितळेची देवाची भांडी आपल्याकडे आंबट लावून उजळतात. ह्या रेडिएटरचं पोटही तांब्या-पितळेचंच. तिनं कोकमाची बिनमिठाची सोलं गरम पाण्यात कुस्करली, ते आंबट लाल पाणी फडक्यातून गाळलं, कोमट असताना रेडिएटरमध्ये ओतलं, दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली आणि रेडिएटर आढ्याला टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो छातीशी धरून ताक घुसळावं तसा घुसळला. आंबट पाणी काढलं, खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, मग साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. प्रत्येक वेळी ओतण्याआधी सोलांच्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवायची. "आंबट पायजे. पन दात आंबले नाय पायजेत." हे तिचं माप.

शेवटचं पाणी ती एका पांढऱ्या वाडग्यात घ्यायची आणि ज्याचं काम त्याला दाराशी उजेडात उभा करायची.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"काय नाय असं नसतं. नीट बग. काय दिसतंय?"

"पाणी."

"मंग तसं सांग ना. पानी दिसतंय."

पाण्यात एवढासा ठिपका असला तरी रेडिएटर परत आत जायचा. कितीदा धुतला हे सांगणाऱ्याला तिच्याकडे किंमत नव्हती. "धुतलं कितीदा ते नको सांगू. निघालं काय ते सांग." हे वाक्य ती मेकॅनिकला ऐकवायची, पुतण्याला ऐकवायची, एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही तिनं ऐकवलं होतं.

विनय नावाची चीज मावशीला ठाऊक नव्हती. "घाटाखाली माज्यासारकी धुनारी नाय," असं ती स्वतःच सांगायची, आणि लगेच पुस्ती जोडायची, "घाटाच्या वर मी बगितलं नाय." बढाईतसुद्धा ती हद्द सोडत नसे. गाडी तापली म्हणून स्वतःही तापलेला एखादा ड्रायव्हर आरडाओरडा करत आला की त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची. "बस. तापायला अक्कल नाय लागत रं, निवायला लागते." तो बसायचा.

आमची पहिली खडाजंगी शेवटच्या पाण्यावरून झाली. माझं म्हणणं, अखेरचं विसळणं बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं हवं. तिचं म्हणणं, तिच्या विहिरीच्या पाण्याला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. मी वाद घातला नाही. मला तो जमतही नाही. तिच्याच स्टोव्हवर स्टीलच्या दोन ताटल्या ठेवल्या. एकीत तिच्या विहिरीचं पाणी, दुसरीत मी आणलेलं. दोन्ही आटवली. विहिरीच्या ताटलीत पांढरं कडं उमटलं, दुसरी कोरडी ठणठणीत. मावशीनं कडं नखानं खरवडलं, उजेडात धरलं. "बरं," म्हणाली. "तुजं पानी शेवटी. पन शेवटीच." तेव्हापासून ते ठरून गेलं. मला वाटतं, तिनं मला आपला मानला तो त्याच दिवशी, कारण त्यानंतर मी तिला 'तुम्ही' म्हटलं की ती उत्तरच देईना.

हळूहळू माझ्यासारखे आणखी मिळाले. कशेळ्याचा नीलेश, लग्नाचे व्हिडिओ जोडणारा. मोहोपाड्याचे प्रधानसाहेब, रसायनाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची मुलगी कार्टूनची चित्रं हलवायचं काम घरी बसून करते. गेम खेळणारी आणखी दोघंतिघं. मशीन उघडून रेडिएटर काढायचं, नेऊन द्यायचं आणि परत जोडायचं काम माझं. धुवायचं मावशीचं. शेडच्या पाटीवर 'ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर' होतं, त्याखाली तिनं 'कंप्युटर' रंगवून घेतलं. रंगाऱ्यानं अक्षर बारीक काढलं तर म्हणाली, "मोठं काड. ट्रकवाले पन वाचतील, जरा वचकून ऱ्हातील."

आता त्या महाशिवरात्रीकडे येतो.

मावशी शिवरात्रीचा उपास कडक करायची. दिवसभर पाण्याचा थेंबही नाही. त्या दिवशी मी बरेच रेडिएटर एकदम घेऊन गेलो होतो. माझे दोन, नीलेशचा, प्रधानसाहेबांच्या मुलीचा आणि गेमवाल्यांचे. मावशी सोलांचं पाणी आठवड्याचं एकदम काढून पांढऱ्या कॅनमध्ये भरून ठेवायची. तसला कॅन तिनं फळीवरून काढला, पाणी पातेल्यात कोमट केलं आणि ओतायला लागली.

"चाखलं नाहीस," मी म्हटलं.

"उपास हाय."

"मी चाखतो."

"तुला काय कळतंय? तुज्या जिभेला चहा आन् कॉपी ह्यातला फरक कळत नाय." बाजूचे दोन ड्रायव्हर हसले. मीही हसलो. रेडिएटर आढ्याला टांगले गेले.

दुसऱ्या दिवशी निघालेलं पाणी पाहून मावशी खूश. बुचं काढून आत उजेड टाकला तर तांबं नव्या कोऱ्या भांड्यासारखं गुलाबी चमकत होतं. सोडा झाला, साधं पाणी झालं, माझं पाणी झालं, वाडग्यात पाण्याशिवाय काही दिसेना. "बगितलंस? उपासाचं पुन्य." मी सगळे रेडिएटर ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये जोडून दिले.

चार दिवसांनी तिच्याकडे जेवायला बसलो होतो. सोलकढी होती. वाढता वाढता मावशी कुरकुरली, "रोह्याच्या नणंदेनं आगळाचा कॅन भरून धाडला म्हनं. हे बग, निम्मंच हाय. वाटंत कोन प्यायलं?" मी दोन वाट्या सोलकढी प्यायलो आणि पोटावर हात फिरवत घरी आलो.

होळीनंतर नीलेशचा फोन आला. नळीतलं पाणी हिरवट झालंय. मी जाऊन पाहिलं. पाठोपाठ माझी दोन मशीनं. एकाच्या सांध्यातून ओल आली होती आणि तिच्याभोवती निळसर पूड धरली होती. पितळ आतून खाल्लं गेल्याची ती खूण. मी आठवत बसलो. आदल्या महिन्यात धुतलेले रेडिएटर ठणठणीत होते, नंतर धुतलेलेही. बिघडले ते फक्त शिवरात्रीचे. आणि मग एकदम ती सोलकढी आठवली, निम्मा झालेला, तसलाच पांढरा कॅन आठवला. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस. मीठ आणि आंबट ह्यांनी घासून भांडं क्षणात लखलखतं, पण ते लगेच धुवायचं असतं. मावशीनं ते पितळेच्या पोटात रात्रभर कोंडून ठेवलं होतं. जिभेवर एक थेंब ठेवला असता तर तिथेच कळलं असतं.

मी त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. गेलोसुद्धा. शेडमध्ये पुतण्या बसला होता. "काकी, आता वय झालं, हात चालत नाही, ही जागा हॉटेलला दे," हे त्याचं पुराण चालू होतं. मावशी त्याला फटकारत होती, पण नेहमीच्या जोरानं नाही. मी नीलेशच्या मशीनचं सांगितलं आणि तिनं कारण विचारताच म्हणालो, "कंपनीचा माल खराब आला." ती कंपनीला मनसोक्त शिव्या देत बसली. मी चहा घेतला आणि निघालो.

मुळात माझ्या तोंडून अप्रिय गोष्ट लवकर निघत नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला पंपच लागेल. पण गप्प राहण्याला मी स्वभावाचं नाव दिलं, ते सोयीचं होतं म्हणून. मला वाटलं, म्हातारीला कशाला दुखवा. मी सांभाळून घेतो.

आणि मी सांभाळायला लागलो. प्रत्येकाला फोन करून 'फुकट तपासणी' जाहीर केली. रेडिएटर काढून आणायचे, घरी मोरीत बसून पुन्हा पुन्हा धुवायचे, फारच खाल्लेले गुपचूप बदलून टाकायचे. मावशीला पत्ता नाही, गिऱ्हाइकांना कारण नाही. मला त्या दिवसांत स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

लोक मात्र आपला अर्थ लावतात. मावशीनं धुतलेलं हा परत धुतो, ह्याचा अर्थ त्यांनी सरळ लावला. गेमवाल्या मुलांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी लिहिलं, म्हातारीचं धुणं टिकत नाही, थेट दहिवलीला द्या. ते थेट दहिवलीला देऊ लागले. मी घेत गेलो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

एक दिवस गेमवाल्यांपैकी एकानं शेडवर जाऊन तोंडावरच विचारलं, "मावशी, तुमचं धुतलेलं परत धुवावं लागतं म्हणे?" त्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन. आवाजात ठसका नव्हता.

"माजं धुनं तू परत धुतोस?"

"छे गं. अधूनमधून सगळेच तपासायचे असतात."

"मंग मला का नाय सांगत? मी बी तपासते की."

"तुला कशाला त्रास."

मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर मावशी बदलली. मी जायचो तेव्हा दिसायचं. रेडिएटर कानाला लावायची आणि निकाल न देता खाली ठेवायची. धुतलेला पुन्हा धुवायची, पुन्हा टांगायची. वाडग्यातल्या पाण्याकडे पाहून गिऱ्हाइकाला विचारायच्या ऐवजी मलाच विचारायची, "साफ हाय ना रं? खरंच साफ हाय?" ज्या बाईनं उमेदवाराला ऐकवलं होतं ती. एका ट्रकवाल्याचा रेडिएटर तिनं इतका वेळ ठेवून घेतला की तो तसाच उचलून घेऊन गेला. ती त्याला काही बोलली नाही.

गणपती तोंडावर आले होते. मी दुपारी शेडवर गेलो तर मावशी सामान लावत होती. चिमटे एका पोत्यात, पत्र्याचे तुकडे दुसऱ्यात. झाळायचा दिवा तिनं फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तू ने. पुतन्या भंगारात घालंल."

"म्हणजे?"

"इसर्जन झालं की शेड त्याला देते. चहा-भज्याचं हाटेल काडतोय. काडू दे."

"का पण?"

"हात गेला माजा." सकाळी पाव संपले म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. "कानाला तोच आवाज येतोय. पानी तसंच दिसतंय. आन् तरी बिगडतंय. कुटं चुकतंय तेच सापडंना. सापडलं असतं तर भांडले असते रं मी. सापडतच नाय, तर भांडू कुनाशी?"

दिवा माझ्या हातात जड झाला होता. मी तो खाली ठेवला.

"मावशी, तुझा हात गेलेला नाही. शिवरात्रीला तू सोलांच्या पाण्याच्या जागी आगळ ओतलंस. उपास होता, चाखलं नाहीस. त्या एका दिवशी धुतलेले तेवढे बिघडले. त्याच्या आधीचा एक नाही, नंतरचा एक नाही."

तिनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"आगळ?"

"हो."

"रोह्याचं?"

"हो."

"तरीच मी म्हनलं निम्मं कसं झालं!"

ती लाकडाच्या ठोकळ्यावर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, हलून हलून. "मिठाचं! आन् रातभर! अरं, देवाच्या भांड्याला पन येवडा वेळ लावून ठेवत नाय आमी! आन् मी म्हनते उपासाचं पुन्य!" डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांत मी तिला अशी पाहिली नव्हती. मला वाटलं, सुटलो.

हसणं थांबवून तिनं डोळे पुसले. "तुला कंदी कळलं?"

मला 'आत्ता' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"होळीनंतर," मी म्हटलं.

"होळीनंतर." ती बोटांवर मोजायला लागली. "पाडवा गेला. वटपुनव गेली. नागपंचमी, गोकुळाष्टमी. येवडे सन गेले, येका सनाला तोंड उघडलं नाय तुजं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं की! वाटू द्यायचं! येका दिवसात वाईट वाटून झालं असतं, दुसऱ्या दिवशी सोलं आनली असती. माजी चूक व्हती, माजं वाईट व्हतं. ते खिशात घालून फिरनारा तू कोन?" तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले, आम्लानं फाटलेले, नखांत काळं बसलेले. "ह्या हातांकडं बगत बसले रं मी येवडे दिस."

दया करताना मी तिच्याहून एक पायरी वर उभा होतो आणि ती उतरायला तयार नव्हतो, एवढं मला तिथं कळलं. तिलाही कळलं असावं. ती उठली, घरात जाऊन तोंडावर पाणी मारून आली, डोक्यावर पदर घेतला.

"गाडी काड."

"कुठं जायचंय?"

"ज्याच्या ज्याच्या कंप्युटरला आगळ पाजलंय त्याच्या घरी."

माझ्या स्कूटरवर मागे बसून मावशी त्या दिवशी दारोदार फिरली. गेमवाल्या मुलांना तिनं आधी गाठलं. तोंडावर विचारणाऱ्याला म्हणाली, "तू बरोबर विचारलं व्हतंस. उत्तर मला आज मिळालं, म्हनून आज आले." कशेळ्याला नीलेशच्या ओटीवर त्याची आई तांदूळ निवडत होती. मावशीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "तुमच्या पोराच्या कंप्युटरमदी मी आगळ ओतलं. सोलकढीचं."

नीलेश बाहेर आला. "सोलकढी? मशीनमध्ये?"

"सोलकढी नाय रं, नुस्तं आगळ. नारळाचं दूध नव्हतं घातलं."

"तरीच," नीलेशची आई म्हणाली, "ह्यानं जोडलेल्या लग्नाच्या व्हिडिओत सारखं जेवनाचंच दिसायचं." सगळे हसले. मावशी सगळ्यांत मोठ्यानं. मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "आता तू सांग तुजं." आणि मी, माहीत असून कसा गप्प बसलो आणि चोरून कसं धुतलं, ते ओटीवर उभ्यानं सांगितलं. प्रत्येक दारात सांगितलं. पहिल्या दारात जीभ अडखळली. नंतर नंतर जमायला लागलं.

शेवटचं घर मोहोपाड्याच्या कॉलनीतलं, प्रधानसाहेबांचं. ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"बाई, मी आयुष्यभर रसायनांत काम केलं. अशी चूक आमच्याकडे चालत नसे. पुन्हा होणार नाही कशावरून? मुलीचं पोट आहे त्या मशीनवर. मी दुसरीकडे का देऊ नये?"

मी पुढं होऊन काही बोलणार होतो. मावशीनं मला हातानंच मागे सारलं.

"द्या की," ती म्हणाली. "पन येक सांगते सायेब. माजी चूक मला सापडलीय. काय वतलं, कवा वतलं, का चाखलं नाय, सगळं सापडलंय. दुसऱ्याकडं न्याल, त्याची अजून सापडायची हाय."

प्रधानसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आत वळून मुलीला म्हणाले, "मशीन बंद कर गं. रेडिएटर काढायचाय."

मीच तो काढला, आतलं पाणी बादलीत सोडलं, तोंडं बंद केली. तो उचलून मी पिशवीत घालायला लागलो तशी मावशी म्हणाली, "तू नको. माज्याकडं दे."

परतताना पावसानं रस्त्याची चाळण झालेली होती. मागे बसून, रेडिएटर दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून, मावशी माझ्या पाठीत खणखणीत आवाजात ओरडत होती, "ए, हळू! डावीकडं खड्डा बग! माज्या मांडीवर काम हाय!"